मान डोलणाऱ्या आक्कांचा फोटो

“आक्का, मान जरा स्थिर ठेवाल?”

विचारून झालं आणि श्रेणिकनं जीभ चावली.

“ठेवते की,” आक्का म्हणाल्या. “तू म्हणशील तेवढा वेळ ठेवते.”

आणि त्यांची मान हलतच राहिली.

ती गेली काही वर्षं अशीच हलते. आडवी नाही, उभी. म्हणजे ‘नको नको’ नाही, ‘हो हो’. गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, प्रवचनाला बसल्या की मुनिमहाराजांना वाटतं, सगळ्या सभेत या एकट्या बाईला आपलं म्हणणं पटतंय. शेजारीण काही मागायला आली तर तिनं तोंड उघडायच्या आत आक्कांची मान होकार देऊन मोकळी. डॉक्टरांनी या दुखण्याला लांबलचक नाव दिलं आहे. आक्का त्याला ‘मानेचं खूळ’ म्हणतात.

सुगंधाक्का मगदूम हे नाव ठाऊक नसलेली म्हातारी कृष्णाकाठच्या त्या मुलखात शोधून सापडायची नाही. नवरा फोटोग्राफर होता. तो अकाली गेला. मागं राहिला एक कॅमेरा आणि फोटो धुवायची अंधारी खोली. लोक म्हणाले, कॅमेरा विकून टाका. आक्कांनी तो गळ्यात अडकवला.

त्या काळी तिकडच्या बायका परक्या पुरुषापुढं फोटोला बसत नसत. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीचं नाक तेवढं दिसायचं, बाकी सगळा पदर. आक्का थेट स्वयंपाकघरात जायच्या. चुलीपुढं बसायच्या, चहा प्यायच्या, सासूशी गप्पा मारायच्या. बोलता बोलता सुनेचा पदर आपसूक मागं सरायचा. कित्येक घरांत आजीचा चेहरा भिंतीवर आहे तो त्यांच्यामुळं.

श्रेणिक हेरवाडेच्या घरातही असा एक फोटो आहे. आजीचा नव्हे, आईचा.

तो चालायला लागायच्या आधीच आई गेली. तिचा आवाज, तिचा हात, तिच्या लुगड्याचा वास, काही म्हणता काही त्याला आठवत नाही. चेहरा तेवढा ठाऊक आहे, तोही त्या एका फोटोवरून. हनुवटीवर गोंदण, कपाळावर आलेली एक बट, आणि नुकतंच काहीतरी बोलून थांबलेले ओठ.

वयात आल्यावर तो कॅमेरा शिकायचं निमित्त करून आक्कांकडं गेला. खरं तर तो फोटो काढणारी बाई त्याला बघायची होती. गेला आणि खरोखरच शिकला.

आता सांगलीत त्याचा मोठा स्टुडिओ आहे. लोक लग्नाची तारीख आधी त्याला विचारतात, मग भटजीला. भिंतीवर बक्षिसं आहेत. गर्वही आहे, थोडा अंगचा, थोडा लोकांनी चढवलेला.

आणि ज्या बाईनं सगळ्या मुलखाचे चेहरे राखले, तिचा स्वतःचा धड फोटो कुठंच नव्हता. सरकारी ओळखपत्रावर एक होता. तो नेमका कुणाचा, हे सरकारलाच ठाऊक.

उद्या सकाळी भाची येऊन आक्कांना हुबळीला नेणार होती. कायमची. श्रेणिकला हे काल कळलं. हातातली कामं टाकून आज सकाळीच तो बस्तीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत येऊन थडकला.

“आक्का, तुमचा फोटो काढायचाय.”

“काढ की.” मान ‘हो’ म्हणत होतीच, या वेळी तोंडही म्हणालं. “पण माझ्या लेन्सनं.”

ती लेन्स. स्वतःचा स्टुडिओ बंद करताना आक्कांनी ती त्याला दिली होती. हाताला जड, सगळी धातूची, फोकससाठी बोटांनी फिरवायची रिंग असलेली. श्रेणिकनं ती देवासारखी कपाटात ठेवली होती. म्हणजे नमस्कार रोज, काम काही नाही. आज आणली होती तीसुद्धा आक्कांना दाखवायला, जपलीय म्हणून सांगायला. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून मधे लावायची कडी मात्र पिशवीत होती.

“माझ्या नव्या लेन्सला हे फिरवणं-बिरवणं लागत नाही, आक्का. कॅमेरा आपोआप डोळा शोधतो.”

“कुणाचा?”

“समोरच्या माणसाचा.”

“मग तू काय शोधतोस?”

श्रेणिक हसला.

पण आक्कांचा शब्द. त्यानं जुनी लेन्स चढवली, त्यांना पुढच्या सोप्यातल्या बाकावर बसवलं आणि समोर गुडघा टेकून कॅमेरा डोळ्याला लावला. वाटलं होतं, चहा निवायच्या आत काम उरकेल.

चहा निवला. जेवणं झाली. ऊन अंगणातून सरकत तुळशीच्या पलीकडं गेलं... आणि श्रेणिकच्या हाती अजून एक फोटो लागला नव्हता.

लागला नव्हता म्हणजे, ढीगभर काढले होते. पण त्यांत आक्का कुठं होत्या?

या लेन्सचं भोक पूर्ण उघडलं की फोकस बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसतो. डोळा धरावा तर कान सुटतो, पापणी धरावी तर बुबुळ सुटतं. समोरचा माणूस दगडासारखा बसला तरी कसब लागतं. इथं तर डोळा सारखा पुढं येत होता, मागं जात होता. उजेड भरपूर होता, शटर झटकन मिटत होतं, त्यामुळं मान हलल्यानं फोटो पुसट येत नव्हता. चुकत होतं ते नुसतं अंतर.

श्रेणिक रिंग पुढं फिरवायचा, तोवर आक्का मागं. रिंग मागं आणायचा, तोवर आक्का पुढं.

“बघू कसा आलाय?” आक्कांनी मधेच विचारलं.

त्यानं नाइलाजानं स्क्रीन पुढं केली. आक्कांनी चष्मा चढवला.

“भिंत झकास आलीय,” त्या म्हणाल्या.

पुढच्यात पदराची पिन झकास आली. त्याच्या पुढच्यात उजवा कान, त्यातल्या कुडीच्या मोत्यांसकट.

“मोती खरे आहेत, कळतंय बघ,” आक्का समाधानानं म्हणाल्या.

श्रेणिकला हसू आलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. त्यानं अंगणाकडं बोट दाखवायला सुरुवात केली.

“आक्का, तुमच्या वेळचे कॅमेरे वेगळे होते. बघायच्या काचेत मधोमध एक गोल असायचा. फोकस चुकला की माणसाचं नाक दोन तुकड्यांत मोडायचं, जमला की सांधायचं. आता तो गोलच नाही. या काचेत सगळंच बरं दिसतं.”

“आणि नसतं?”

“नसतं. फोटो काढल्यावर कळतं.”

“मग कळण्याचं काहीच नाही?”

“कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो, फोकस जमला की.”

“लागतो का?”

“लागतो... आणि विझतो. परत लागतो. तुमची मान...” तो थांबला.

“माझी मान हलते म्हणून तो डोळा मारतोय,” आक्का म्हणाल्या. “चावट आहे.”

श्रेणिकनं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. मागच्या स्क्रीनवर आक्कांचा डोळा मोठा करून बघितला, म्हणजे केसभर चूक झाली तरी कळावी. डोळा स्क्रीनमध्ये यायचा आणि निसटायचा. मग भुवई. मग कपाळ. मग परत डोळा, आणि पुन्हा कपाळ. बघता बघता श्रेणिकचीच मान डोलायला लागली.

मग त्यानं लेन्सचं भोक बारीक केलं, म्हणजे मागचं-पुढचं सगळंच स्पष्ट येईल. सगळंच आलं. भिंतीवरचं कॅलेंडर आलं, विजेचा बोर्ड आला, खुंटीवरची पिशवी आली, आणि त्या पसाऱ्यात कुठंतरी आक्काही आल्या.

आक्कांनी फोटो बघितला. “सगळंच धरलंस की,” त्या म्हणाल्या. “मग मला कुठं धरलंस?”

श्रेणिक उठला. आतून उशी आणली, खुर्ची भिंतीला लावली, आक्कांना तिच्यात बसवून डोक्यामागं उशी दाबली. मान बरीचशी थांबली. कॅमेऱ्यातून बघितलं तर एक आजारी बाई उशीला टेकून बसली होती.

“दवाखान्यात भरती केलंस व्हय मला?” आक्कांनी विचारलं.

श्रेणिकनं उशी काढून घेतली. स्वतःचीच त्याला लाज वाटली.

तो पायरीवर येऊन बसला. अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या. उद्या या वेळी इथं कुणी नसणार, चिमण्यांना दाणे कोण टाकणार, असलं काहीतरी त्याच्या मनात आलं. ते त्यानं झटकलं. आईचा एक फोटो या बाईनं काढून ठेवला म्हणून त्याला आई होती. आणि या बाईचा एक फोटो त्याला काढता येत नव्हता. बक्षिसं कसली मिळाली होती आपल्याला?

“आक्का,” तो शेवटी म्हणाला, “रागवू नका. मी माझी लेन्स लावतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

आक्कांनी जुन्या लेन्सकडं बघितलं.

मान ‘हो’ म्हणत होती. पण त्या मानेवर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं.

“लाव,” त्या म्हणाल्या.

तो पिशवीकडं वळला.

“लावायच्या आधी तो कॅमेरा जरा इकडं दे.”

“तुम्हाला?”

“मग कुणाला? आणि जा, मी बसले होते तिथं बस.”

श्रेणिक घुटमळला. कॅमेरा जड, लेन्स जड. आक्कांच्या हातातली कपबशीसुद्धा वाजायची.

“धरू का मी?”

“कुणाला धरतोस? मला की कॅमेऱ्याला?”

“दोघांना.”

“आमचं दोघांचं जुनं आहे. तू बस.”

तो बाकावर बसला. आक्का खुर्चीच्या कडेला सरकल्या. कोपरं पोटाशी घेतली, कॅमेरा उचलला, कपाळाला टेकवला. झालं, कॅमेरासुद्धा ‘हो हो’ म्हणायला लागला. लेन्स श्रेणिककडं यायची, मागं जायची, यायची, जायची. डाव्या हाताची बोटं थरथरत रिंगेवर आली. रिंग त्यांनी एकदा पुढं नेली, जरा मागं आणली.

आणि हात काढून घेतला.

श्रेणिकनं बघितलं, हात रिंगेवर नाही. कॅमेऱ्याच्या खाली आहे, नुसता आधाराला. आक्का विसरल्या, त्याला वाटलं. पुढं काय करायचं तेच विसरल्या.

“आक्का...?”

“बोल की. बोलत राहा. आईचा फोटो कुठं लावलायस आता?”

“समोरच्याच खोलीत. दारातून आलं की दिसतो.”

“काच पुसतोस का?”

“पुसतो.”

“रोज?”

“रोज नाही... पण नुसतं दिवाळीला नाही, हं. एरवीही. आठवण झाली की.”

खट्.

एकच फोटो. आक्कांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पदरात घेतले, थंडी वाजल्यासारखे.

श्रेणिक उठून आला. स्क्रीनवर फोटो होता. त्यानं तो मोठा केला. आणखी मोठा केला. बुबुळातल्या रेषा सुट्या दिसत होत्या, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. कान विरघळून गेला होता, भिंत कुठल्या कुठं गेली होती. राहिले होते फक्त डोळे, आणि नुकतंच काहीतरी बोलून थांबलेले ओठ.

ते ओठ त्यानं कुठंतरी बघितले होते. कुठं, हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

तो खालीच बसला, आक्कांच्या पायांशी.

“कसं काय, आक्का?”

“काय कसं?”

“माझा हात स्थिर. डोळा चांगला. सकाळपासून एक जमला नाही. आणि तुमची मान हलतेय, हात हलतोय, कॅमेरा हलतोय...”

“हलतोय म्हणून तर.”

“म्हणजे?”

“मी पुढं गेले की तू पुढं पळतोस. तू पोचेस्तोवर मी मागं आलेली. मग तू मागं पळतोस. दिवसभर आपली चुकामूक.” आक्का हसल्या. “झोका बघितलायस ना? मधे वाऱ्यासारखा जातो. टोकाला गेला की थांबतो, जरासा. रिंग त्या टोकाला लाव आणि सोड.”

“सोडली, आणि तुम्ही तिथं आलाच नाही तर?”

“मी कुठं जाते? येतेच की परत.”

श्रेणिक बघत राहिला. एवढंच होतं. खरं म्हणजे त्यांनी हे पहिल्या दिवसांतच सांगितलं होतं, कॅमेऱ्यात रोल न घालता त्याला पेठेच्या तोंडाशी बसवून. पुढं जा, जरा मागं ये, आणि थांब. पुढं जायला तो शिकला, मागं यायला शिकला. थांबायचं तेवढं राहून गेलं.

त्याला अजून एक विचारायचं होतं. इतकी वर्षं विचारायचं होतं आणि जीभ रेटली नव्हती.

“आक्का... आईला काय विचारलं होतंत?”

“कधी?”

“फोटो काढताना. ती काहीतरी बोलून थांबलीय.”

आक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

“तू तिच्या मांडीवर होतास. फोटोत नाहीस, खाली होतास, दुपट्यात. ती माझ्याकडं बघंना. लाजत होती. सारखी तुझ्याकडं बघायची. वर बघायची, परत खाली बघायची. तेव्हा मी रिंग सोडली आणि विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलंस?”

श्रेणिकनं मान वर केली.

“तिनं वर बघितलं आणि सांगितलं. तेव्हाचा तो फोटो.”

भिंतीवरचा तो फोटो त्यानं जन्मभर बघितला होता. ते ओठ काय बोलून थांबलेत, हे त्याला आज कळत होतं. ते त्याचं नाव होतं. आईनं उच्चारलेलं आपलं नाव ऐकायची सोय या जन्मात उरलेली नाही, असं तो धरून चालला होता. आणि ते रोज समोरच्या खोलीत, दारातून आलं की दिसत होतं.

त्यानं आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. नमस्कारासाठी वाकला होता, पण वर उठवेना. आक्कांचा हात त्याच्या केसांवर आला आणि तिथंच थरथरत राहिला.

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत...”

“तू कधी विचारलंस? तू लेन्सचं विचारायचास.”

तो रडता रडता हसला. “चुकलं, आक्का.”

“चुकलं कसलं त्यात? लेन्सचं विचारत होतास म्हणून तर येत होतास. ऊठ आता. उजेड चाललाय, आणि मला दिवस मावळायच्या आत जेवायचंय.”

आक्का पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. श्रेणिकनं गुडघा टेकला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं धूसर. रिंग फिरवली, तरी धूसर. त्याच्या ध्यानात आलं, हा फोकसचा दोष नव्हे. त्यानं बाहीनं डोळे पुसले. पुन्हा भरले.

“दिसत नाही, आक्का.”

“बरं झालं. आता तरी रिंग सोडशील.”

त्यानं आक्कांची मान एकदा जाऊन येऊ दिली. दुसऱ्यांदा येऊ दिली. वर आली की ती जराशी टेकते, हे त्यानं आज पहिल्यांदा बघितलं. सकाळपासून तो डोळा शोधत होता. हे कुणी बघितलंच नव्हतं. रिंग एकदा पुढं, जरा मागं, त्या टेकण्याच्या जागेवर. मग बोटं उचलली. हात मोकळा सोडताना त्याला उगीच भीती वाटली, लहान पोराचं बोट बाजारात सोडल्यासारखी.

आक्का गेल्या... आल्या. गेल्या... आल्या.

तो बघत होता. हिरवा ठिपका बघत नव्हता. गालावरच्या सुरकुत्या, नाकाजवळचा तीळ, चष्म्याची डावी काडी जरा खाली आलेली. किती साधी बाई होती, आणि किती दिलं होतं तिनं! त्याला मनापासून वाटलं, हा फोटो नाही निघाला तरी चालेल. आपण इथं आलो, बसलो, हे पुष्कळ झालं. असं त्याला कुठल्याही कामात कधी वाटलं नव्हतं.

“आक्का,” त्यानं विचारलं, “तुमच्या आईचं नाव काय हो?”

आक्का दचकल्या. अशा बघायला लागल्या, जणू दारात कुणीतरी ओळखीचं आलंय.

“चतुराबाई,” त्या म्हणाल्या.

खट्.

“अगं बाई,” आक्का स्वतःशीच म्हणाल्या, “किती वर्षांनी घेतलं हे नाव! विचारणारंच कुणी राहिलं नाही रे...”

श्रेणिकनं फोटो बघितला. मोठा केला नाही. गरज नव्हती. कॅमेरा त्यानं दोन्ही हातांनी आक्कांपुढं धरला, प्रसाद द्यावा तसा.

आक्का बघत राहिल्या. मान हलत होती. फोटोतली मात्र वर येऊन टेकली होती. डोळे लख्ख होते, त्यांच्यामागं सगळं मऊ होत गेलं होतं, आणि चेहऱ्यावर आईचं नाव घेतलेल्या पोरीचा भाव होता.

“म्हातारी झाले की मी,” त्या म्हणाल्या. मग चष्मा सावरत, “पण बरी झाले.”

“बरा आलाय ना?”

“तू काढलायस व्हय हा?”

“तुम्हीच काढलात, आक्का.”

“मी तर बसले होते,” आक्का म्हणाल्या.

त्या आत गेल्या. ताटलीचा आवाज आला, मग भाकरी मोडल्याचा. “तूही दोन घास खा,” त्यांनी आतून सांगितलं. “सकाळपासून माझ्या मागं पळून दमलायस.” श्रेणिकनं पायरीवर बसून भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. इतकी गोड भाकरी त्यानं बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती. त्यानं ते आत ओरडून सांगितलंही. आक्का म्हणाल्या, पीठ शेजारणीचं आहे, तिला सांग.

हात धुऊन तो पुन्हा पायरीवर आला. मावळतीचा उजेड तांबूस झाला होता. तिकाटणं मिटवलं, लेन्सला झाकण लावलं. मग सवयीनं कॅमेरा मांडीवर घेतला आणि सकाळपासूनचे फोटो मागं मागं नेत चालला. भिंत. पिन. कुडी. नुसता धूसर चेहरा. आणखी एक धूसर चेहरा. त्यानं पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला.

पाणी प्यायचं भांडं हातात घेऊन आक्का दारात आल्या होत्या.

“काय करालास?”

“सकाळचे वाया गेलेले पुसून टाकतोय, आक्का. एक चांगला आलाय, आता हे कशाला?”

आक्कांनी भांडं उंबऱ्यावर ठेवलं. हळूहळू त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. एक धूसर फोटो बघितला, त्याच्या आधीचा बघितला, त्याच्याही आधीचा... आणि आपला थरथरता हात त्याच्या अंगठ्यावर ठेवला.

“पुसू नको, बाळा. त्यांत मी तुझी वाट बघत बसलेय.”